नाल्याकडची पात

दव उडाल्याशिवाय कापसाला हात लावायचा नाही, म्हणून सकाळचा पहिला प्रहर बायकांचा बांधावर बसूनच जायचा. कार्तिक नुकताच लागला होता. सप्टेंबरातल्या पावसाने पऱ्हाटीच्या खालच्या फांद्यांवरची बोंडे काळी करून टाकली होती. वरची मात्र उशिरा, एकाएकी उमलली आणि करमाडच्या अलीकडचे सारे शिवार बघता बघता पांढरे झाले. वेचायला हात पुरत नव्हते. जे होते ते थकलेले होते.

सुगंधाबाईची टोळी तात्यासाहेबांच्या रानात लागली होती. ती टोळीची मुकादमीन. नवरा मल्हारी मेंढरांमागे, मुलगा भारत वाळूजच्या कारखान्यात आणि तिथेच खोली करून राहिलेला. घराचा उरलेला भार तिच्या कमरेवर होता, जिथे ती दिवसभर कापसाची झोळी बांधत असे. दिवाळीच्या सुट्टीत तिची मुलगी श्रेयाही वेचणीला येऊ लागली होती. श्रेयाला एकोणिसावे सरत होते, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती आणि वेचणीत तिचा हात अजून कच्चा होता.

पात वाटायची ती सुगंधाबाईने. कोणी कुठल्या तासाला, म्हणजे पऱ्हाटीच्या कोणत्या ओळीला लागायचे, हे ती सकाळी बांधावर उभी राहून सांगे आणि त्यावर कोणी बोलत नसे. त्याला एकच अट होती: मुकादमिनीने दाट पात आपल्या घरात घ्यायची नाही. काम किलोवर गेल्यापासून ही अट जास्तच कडक झाली होती. पूर्वी रोजाने वेचणी असताना बायका एका ओळीत, एकमेकींच्या पदराला पदर लागेल अशा पुढे सरकत. मागे पडणारीचे तास शेजारची उरकून देई. आता जिचा कापूस तिची मजुरी. जिथे बोंड फुटलेले दिसेल तिथे जी ती घुसे आणि पाहता पाहता सगळी टोळी रानात विस्कटून जाई, मुठीतून सांडलेल्या सरकीसारखी.

त्या दिवशी सुगंधाबाईने अट मोडली. श्रेयाच्या नखांच्या कडा फाटल्या होत्या. वाळलेल्या बोंडाची टोके सुईसारखी बोटात शिरतात. जुन्या हातांना त्यांची सवय असते, नव्या हातांना ती रात्रभर आठवत राहतात. नाल्याच्या कडेला ओल होती, तिथली पऱ्हाटी गळ्याइतकी वाढली होती आणि बोंडे मुठीएवढी. थोड्या हालचालीत झोळी भरेल, पोरीची बोटे जरा वाचतील, एवढाच तिचा विचार होता.

"श्रेया, तू नाल्याकडची धर," ती म्हणाली.

आवडाबाईने लगेच तोंड उघडले. ती टोळीतली सर्वांत म्हातारी. तिच्या तोंडाला दात कमी आणि धार जास्त. "व्हय गं बाय! मुकादमिनीच्या लेकीला लोण्याची पात, आन् आम्हाला ताक!"

"हात पाह्य तिचे आधी, आवडामाय. मग बोल."

"महे हात कोणी पाह्यले का कवा? लगीन झालं तवा पाह्यले, बांगड्या भरायला." बायका हसल्या. श्रेयाही हसली, झोळी कमरेला गुंडाळली आणि नाल्याकडे निघून गेली. थोड्या वेळाने तिचा हिरवा स्कार्फ पांढऱ्यात दिसेनासा झाला.

दुपार झाली. वारा पडला होता. ऊन आता पाठीवर बसून राहिले होते, उठायचे नाव घेत नव्हते. कुणाच्या तरी कमरेला खोचलेल्या मोबाइलमध्ये गाणे वाजत होते. सुगंधाबाईची झोळी अर्ध्याहून जास्त भरली होती आणि कण्यातून खाली एक कळ धाग्यासारखी ओढली जात होती.

तेव्हा तिला हाक ऐकू आली. "माय!"

ती ताठ झाली. नाल्याकडे पाहिले. पऱ्हाटीचे शेंडे हलत नव्हते. काटा रुतला असेल, तिने मनाशी म्हटले. किंवा पाण्याची बाटली रिकामी झाली असेल. आवडाबाई त्या बाजूला जास्त जवळ होती. पुन्हा एकदा हाक आली, अर्धवट, कोणी मध्येच तोडल्यासारखी. सुगंधाबाईने झोळीवर हात ठेवला. एवढे वजन घेऊन तिथवर जायचे, परत यायचे, तोवर समोरचे तास दुसरी कोणी ओरबाडून नेणार. आवडामाय जाईल, असे ठरवून ती पुन्हा वाकली.

श्रेया आली ती नाल्याच्या बाजूने नाही, बांधाला वळसा घालून आली. तिच्या कमरेला झोळी नव्हती. ती आईच्या शेजारी उकिडवी बसली आणि आईच्याच तासातला कापूस वेचू लागली. काढलेला कापूस ठेवायला जागा नव्हती, तरी ती काढत होती आणि मुठीत धरून ठेवत होती.

"तुही पात टाकून हितं कामून आली? आन् झोळी कुठंय?" सुगंधाबाईचा आवाज चढला.

श्रेया वेचतच राहिली.

"एवढी दाट पात दिली, तरी बाईसाहेबांला करमंना," आवडाबाई पलीकडून म्हणाली. "शिकल्याल्या पोरींचं असंच राह्यतंय."

"ऊठ, जाय. बाया काय म्हणतील?"

श्रेयाने नकारार्थी मान हलवली. तिच्या उजव्या मनगटावर चार बोटांची लाली उठली होती. सुगंधाबाईची नजर त्या मनगटावर गेली आणि तिथेच थांबली.

इतक्यात पऱ्हाटी बाजूला सारत राजकुमार आला. तात्यासाहेबांच्या बहिणीचा मुलगा. दोन वर्षांपासून मामाचे रान पाहत होता, संध्याकाळी पंपाच्या खोलीपाशी कापसाचे वजनही तोच करी. त्याच्या हातात झोळी होती आणि गालावर, डोळ्याच्या खाली, एक ताजा ओरखडा.

"कोणाची हाये ही? नाल्यात पडली व्हती." त्याने झोळी सुगंधाबाईच्या पायाशी टाकली. तिच्यातला कापूस मातीत सांडला. "पोरीला नीट सांभाळत जाय, मावशी. माल वाया जातो."

तो हसला नाही. हसला असता तर बरे झाले असते, असे सुगंधाबाईला पुढे किती वेळा वाटले. त्याने ते वाक्य सहज म्हटले, बैल सुटला तर कोणी म्हणावे तसे. ती खाली बसली. मातीत सांडलेला कापूस तिने एक एक करून उचलला, फुंकरून झोळीत भरला. तिचे हात ते काम करीत राहिले, कारण हातांना दुसरे काही येत नव्हते. बायकांनी माना खाली घातल्या होत्या. गाणे वाजत होते.

संध्याकाळी वजनालाही ती उभी राहिली. गाठोडे आकड्याला त्यानेच अडकवले, काटा त्यानेच वाचला. किती झाले ते तिने ऐकले नाही.

*

चुलीपुढे भाकरी थापताना तिने विचारले नाही. श्रेयाने आपणहून सांगितले, चुलीतल्या जाळाकडे पाहत, कोरड्या आवाजात, जणू वर्गात कोणी उभे करून धडा वाचायला सांगितला होता.

"मागून आला. हात धरला. म्हनला, मुकाट चल, तुह्या मायच्या टोळीला काम कोण देतं ते म्हाईत हाये का? नाल्याकडं वढाया लागला. म्या बाटली मारली तोंडावर. मग नखं मारली. मग त्यानं तोंड दाबलं." ती थांबली. "सुटले मी. पडले, पन सुटले."

तव्यावरची भाकरी करपत होती.

"म्या हाका मारल्या, माय. तुला आयकू नाय आल्या?"

सुगंधाबाईला खोटे बोलता आले असते. वारा होता म्हणता आले असते, गाणे होते म्हणता आले असते. तिने तवा खाली उतरवला.

"आल्या," ती म्हणाली.

श्रेयाने तिच्याकडे पाहिले.

"आल्या व्हत्या. मला वाटलं, काटा रुतला असंन. झोळी भरल्याली व्हती. मला वाटलं, आवडामाय जवळ हाये, ती जाईन."

श्रेया उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसली. रागावली नव्हती, निदान तिच्या पाठीवरून तसे दिसत नव्हते. ती फक्त दूर जाऊन बसली होती. मायलेकींमधले ते ओट्यापर्यंतचे अंतर सुगंधाबाईला उठून ओलांडता आले नाही.

मल्हारी मेंढरे कोंडून आला तेव्हा त्याला सांगावेच लागले. तो पाणी प्यायला, तांब्या खाली ठेवला, टोपी काढली, पुन्हा घातली. त्याच्या हातात काठी होती आणि त्या काठीचे काय करावे हे त्याला समजत नव्हते.

"भारतच्या कानावर घालू नका," तो शेवटी म्हणाला. "त्यो डोक्यात राख घालून येईन, आन् आत जाऊन बसंन. वाळूजची भाकर जाईन."

"मग?"

"मग काय. उद्यापासून पोरगी रानात नाय. कॉलेजबी बास झालं. सोयगावचे पाव्हणे मागं मागणी घालून गेले व्हते, त्यांला निरोप धाडतो."

"बापू, म्या काय केलं?" श्रेया ओट्यावरून म्हणाली.

"तू काय नाय केलं, बाळा."

"मग घरात मी कामून बसू? त्याला कोणी बसवलं का घरात?"

मल्हारीने काठी दाराशी टेकवली. लांडग्याचे भय असले की तो मेंढरे वाड्यात कोंडी आणि दाराला आडव्या लाकडाचा आडणा लावी. आयुष्यभर त्याने हेच केले होते, त्याच्या बापानेही. दुसरा इलाज त्याला कोणी शिकवला नव्हता. मायेनेच तो दाराला आडणा लावत होता, आणि म्हणून तो आडणा काढणे कठीण होते.

*

दुसऱ्या दिवशी सुगंधाबाई एकटीच रानात गेली. दव होते. बायका बांधावर बसल्या होत्या. कोणीही श्रेयाबद्दल विचारले नाही आणि त्या न विचारण्यातच सगळ्यांना सगळे माहीत असल्याचे तिला कळले. शेवटी सत्यशीला बोलली. ती बुद्धवाड्यातली, ऐन तिशीतली. नवरा गेल्यापासून दोन लेकरे आणि सासू एकटीने ओढत होती.

"काकू, पोरगी बरी हाये का?"

"हाये."

"त्यानंच ना?"

सुगंधाबाईने मान डोलावली. सत्यशीलाने हातातली काडी मोडली.

"मागल्या साली वजनाला मी शेवटची राह्यले व्हते. काटा वाचता वाचता त्यानं खोलीचं दार लोटलं. मही सासू अवचित हुडकत आली म्हून वाचले. तवापासून मी आधी वजन करून घेते. थोडा कमी वेचते, पन आधी जाते."

"आन् तू बोलली नाय?" कोणीतरी विचारले.

"कोणाला बोलू? तुमी बोलल्या का?"

मग हळूहळू, ज्या संथपणाने दव उडत होते त्याच संथपणाने, एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली. एकजण पदराच्या गाठीत तिखट बांधून आणत होती. दुसरी पाणी कमी पीत होती, आडोशाला जावे लागू नये म्हणून. तिला त्यापायी मूतखड्याचा त्रास जडला होता. तिसरी धाकट्या दिराला उगाच सोबत आणी. ज्या रानात रोज एकमेकींच्या उखाळ्या-पाखाळ्या निघत, तिथे ही एवढी गोष्ट कुणी काढली नव्हती. आपापला जीव राखण्याचे कामही प्रत्येकीने किलोवर घेतले होते. जिचे तिचे गाठोडे, जिचे तिने वाहायचे.

आवडाबाई सगळ्यांत उशिरा बोलली. "मला म्हातारीला कोण काय करतंय म्हना," ती नेहमीच्या सुरात सुरू झाली, पण सूर पुढे चालला नाही. "मही द्वारका. दहावीत व्हती. तवा हा पोरगा नव्हता, दुसराच एक व्हता, दुसऱ्या रानात. उरकून टाकलं लगीन. लोकांला सांगितलं, ठिकाण चांगलं मिळालं. तिकडं ती काय भोगते ते मला इचारू नका." तिने पदराने नाक पुसले. "काल हाक मलाबी आली व्हती, सुगंधा. मला वाटलं, सत्यशीला जवळ हाये."

"मला वाटलं, काकू हायेत," सत्यशीला हळूच म्हणाली.

ऊन पानांवर आले, दव उडून गेले, तरी कोणी उठले नाही. आणि मग सुगंधाबाईने जे म्हटले, ते तिने रात्री कुठेही ठरवलेले नव्हते.

"किलोवर नाय वेचायचं आता. रोजानं. एका वळीत."

"रोजानं निम्मंबी पडत नाय, मावशी," एक तरणी बाई म्हणाली. "महे दोन लेकरं शाळेत हायेत."

"मला म्हाईत हाये."

"तुमच्या पोरीवर आलं म्हून आम्ही पोटाला चिमटा घ्यायचा का?"

हा प्रश्न खरा होता, आणि म्हणून तो लागला. सुगंधाबाईने त्या बाईकडे रागाने पाहिले नाही.

"व्हय. मह्या पोरीवर आलं म्हून मला जाग आली. सत्यशीलावर आलं तवा म्या मान खाली घालून वेचत व्हते. तुह्यावर यायची वाट पाहू का?"

"पन तात्या आयकतील?"

"नाय आयकनार. इचारून पाहू."

तात्यासाहेब दुपारी आले, मोटारसायकल बांधाला लावून. रान पांढरे आणि बायका बसलेल्या, हे दृश्य त्यांना समजेना. चांगला माणूस म्हणून पंचक्रोशीत त्यांचे नाव होते. लग्नकार्यात पहिली पंगत वाढून होईस्तोवर ते स्वतः जेवत नसत.

"काय गं सुगंधाबाई, आज एकादशी हाये का?"

ती उभी राहिली. तिने सांगितले. सगळे नाही सांगता आले. हात धरला, नाल्याकडे ओढली, तोंड दाबले, एवढे सांगितले. राजकुमार रानात असताना एकही बाई रानात पाऊल टाकणार नाही, हे सांगितले. वजन नको, रोज द्या. वेचणी ओळीत होईल, हे सांगितले.

तात्यासाहेबांनी कानाची पाळी चोळली. "मी समजावतो त्याला. पोरगं बिनमायबापाचं हाये, जरा वांड हाये. पन तुबी इचार कर. तरणी पोरगी एकटी नाल्याकडं धाडायची कशाला? पात कोणी दिली तिला?"

हा वार त्यांनी मुद्दाम केला की सहज, हे कळले नाही. बायका सुगंधाबाईकडे पाहत होत्या.

"पात म्या दिली," ती म्हणाली. "कापूस वेचायला दिली."

"बोभाटा केला तर पोरीचंच नाव जाईन. मह्या भाच्याचं काय, त्यो गडी हाये."

"तात्या," सत्यशीला उठली, "नाव पोरीचं नाय जाणार. तिनं आपलं नाव सांगूनच तक्रार द्यायची ठरवली तर?"

तिच्या आवाजात तात्यासाहेबांना जे ऐकू आले, ते त्यांना आवडले नाही. "मग सोयगावकडून टोळी आणतो मी. तुमच्याच जिवावर रान लावलं नाय म्या." मोटारसायकल बराच वेळ सुरू होईना. त्यांनी पुन्हा पुन्हा लाथ मारली, आणि बायका उभ्या राहून ते पाहत होत्या. हसावेसे कुणालाच वाटले नाही.

*

संध्याकाळी सत्यशीला घरी आली. मल्हारी ओट्यावर दोर वळत बसला होता. तिने त्याला नमस्कार केला आणि सरळ श्रेयाशीच बोलली.

"तुला द्यायची का तक्रार? तुला. बाकी कोणाचं नाय इचारत मी."

श्रेयाने बापाकडे पाहिले. मग आईकडे, पहिल्यांदाच, कालपासून.

"तिथं समदं सांगावं लागंन का?"

"लागंन. एकदा नाय, लई खेपा लागंन."

"इज्जत जाईन," मल्हारी दोरावरून नजर न काढता म्हणाला. "पाव्हणे फिरतील मागं."

"फिरू द्या," सुगंधाबाई म्हणाली. नवऱ्यासमोर तिने कधी आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही. "आवडामायनं द्वारकाचं उरकलं. काय झालं? लांडगा तिथंच राह्यला आन् कोकरू दुसऱ्याच्या दावणीला गेलं. तुम्ही आडणा लावा म्हंता. किती दिस लावनार?"

मल्हारीने दोर खाली ठेवला. त्याचे डोळे भरले होते आणि ते त्याला लपवता येत नव्हते, कारण दोन्ही हात काथ्याने माखले होते.

"मला भ्या वाटतंय गं," तो म्हणाला.

"मलाबी."

सकाळी तिघी ठाण्यात गेल्या. बाकावर पुष्कळ वेळ बसावे लागले. मग एका महिला पोलिसाने श्रेयाला आत बोलावले आणि सुगंधाबाईही मागोमाग गेली. श्रेया बोलत होती, थांबत होती, पुन्हा बोलत होती. मध्ये त्या बाईंनी विचारले, हाक मारलीस तेव्हा जवळपास कोणी होते का? श्रेयाने उत्तर द्यायच्या आधी सुगंधाबाई म्हणाली, "मी व्हते. मला आयकू आली. महंबी लिहून घ्या." श्रेयाने टेबलाखाली हात पुढे केला. सोललेली, खरबरीत बोटे एकमेकांत अडकली आणि जबाब पुरा होईपर्यंत तशीच राहिली.

पोलिसांनी राजकुमारला उचलले, काही दिवसांनी तो जामिनावर सुटला. तारखा पडणार होत्या. शहरात कुठेतरी नातेवाइकांकडे त्याला ठेवले आहे, असे कोणी सांगे. वजनाला तोच येणार आहे, असेही कोणी सांगे. गावात चार तोंडांनी चार प्रकारे बोलले गेले आणि त्यातली तीन श्रेयाबद्दल होती. सोयगावच्या पाहुण्यांचा निरोप आला नाही. भारतला फोनवर सांगितले तेव्हा तो म्हणाला, मला आधी का नाही सांगितले, आणि रडला.

टोळीला काम मिळाले ते दुसऱ्या बाजूच्या एका लहान रानात, रोजाने. ती तरणी बाई पहिले दोन दिवस आली नाही, मग आली. ओळीत वेचताना सगळ्यात हळू हाताच्या बाईसाठी सगळ्यांना थांबावे लागे आणि आवडाबाई तिला शिव्या घालत तिचेच तास उरकून देई. मजुरी कमी पडत होती. कुणी तसे म्हणत नसे, पण संध्याकाळी परतताना पावलांवरून ते कळे.

एका सकाळी फाट्यावर बाहेरगावच्या बायकांनी भरलेला टेम्पो थांबला. तात्यासाहेबांच्या रानाची वाट त्यांना विचारायची होती. सुगंधाबाई पुढे झाली.

"वाट सांगते," ती म्हणाली. "पन उतरा जरा. तुमची मुकादमीन कोणती?"

एक काळीसावळी, रुंद हाडाची बाई खाली उतरली. सुगंधाबाईने तिला बाजूला नेले आणि थोडक्यात सांगितले: नाल्याकडच्या पातीला एकटीला धाडायचे नाही, वजन उजेडात, सगळ्या मिळून, पंपाच्या खोलीत कोणी जायचे नाही, हाक आली की झोळी टाकून पळायचे.

ती बाई ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते. असला तर एक जुना कंटाळा होता, सुगंधाबाईला तो आपल्याच तोंडावरून ओळखीचा होता.

"आमच्याकडंबी हाये असा एक," ती म्हणाली. "नाव फक्त येगळं हाये." मग टेम्पोत चढता चढता तिने आतल्या दोन तरण्या पोरींना आपल्याजवळ सरकवून घेतले.

*

कॉलेज उघडले त्या दिवशी श्रेया फाट्यावर उभी होती. सुगंधाबाई सोबत आली होती. कामाला उशीर होत होता आणि ती ते बोलत नव्हती. मल्हारी मेंढरे घेऊन रस्त्याच्या कडेला होता. त्याने पोरीला जा म्हटले नव्हते, नको म्हणणे मात्र बंद केले होते.

पहिली रिक्षा आली. मागे सगळे गडी बसलेले, पुढे ड्रायव्हरजवळ एक जागा. ड्रायव्हर म्हणाला, "चल ताई, एकच सीट हाये." श्रेयाने आत नजर फिरवली आणि मान हलवली. रिक्षा गेली. त्या पुरुषांनी तिला काही केले नव्हते. कदाचित काही केलेही नसते. पण ती मोजत होती, आणि यापुढे कायम मोजत राहणार होती. सुगंधाबाईला वाटले, आपण हिला घराबाहेर आणले, पण हे मोजणे काही हिच्या अंगावरून उतरवता आले नाही.

दुसरी रिक्षा बराच वेळ आली नाही. तिच्यात दोन शिक्षिका होत्या आणि बाजाराची पाटी घेतलेली एक म्हातारी. श्रेया चढली, ओढणी आत ओढून घेतली. "येते, माय," एवढेच म्हणाली. धूळ उडाली, खाली बसली.

मल्हारी जवळ आला. रस्ता रिकामा झाला तरी तो त्याच दिशेला पाहत होता.

"किती वाजता सुटतं कॉलेज?"

"दुपारून. चारच्या आत येईन म्हनली."

"मग मेंढरं आज हितंच चारतो. रस्त्याच्या कडंला."

"हितं काय हाये चारायला? गवताची काडी नाय."

"हितंच चारतो."

सुगंधाबाईने झोळी खांद्यावर टाकली. टोळी पुढे गेली होती. आता पळावे लागणार होते, आणि पळायला अंगात काही उरले नव्हते. "रोज चारशाल का?" तिने विचारले. "परीक्षा होईस्तवर? तिचं शिक्षण सरूस्तवर?"

भुकेली मेंढरे डांबराच्या कडेला तोंड लावून काही मिळते का पाहत होती, मान वर करून मल्हारीकडे बघत होती. मग त्याने काठी आडवी धरली, तोंडाने हलके टिटकारले आणि कळप डोंगराकडे वळवला.